‘कमीत कमी द्या, साहेब’ : किमान शिक्षेच्या कायद्यांबद्दल

लघुलेखिका (धागाकर्ती), रविवार, दुपारी ४:१०

मी मुंबईतल्या फौजदारी कोर्टांत ३१ वर्षं स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायचे, टाइप करून सहीला ठेवायचे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण एक निकाल अजून डोक्यातून जात नाही. त्यावरून जे मनात साठलंय ते इथे लिहिते आहे.

मुलगा पकडला गेला तेव्हा २० वर्षांचा होता, निकालाच्या दिवशी २३ चा. अंगझडतीत ६२ ग्रॅम एमडी. पाकीट एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचवायचं, एका फेरीचे ८०० रुपये. माल कुणाचा, कुणाकडे चालला होता, हे तपासात शेवटपर्यंत पुढे आलं नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ साली एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड.

दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय? तो म्हणाला, “कमीत कमी द्या, साहेब.” सगळेच हे म्हणतात. ‘आरोपीने कमीत कमी शिक्षेची विनंती केली’ हे वाक्य माझ्या बोटांना पाठ झालं होतं. साहेबांनी वय सांगितलं, पूर्वीचा एकही गुन्हा नाही हे सांगितलं, आई धुणीभांडी करते, धाकटी बहीण शाळेत आहे, हेही सांगितलं. मी लिहीत होते. मग ते थांबले. पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला आणि म्हणाले, “तथापि, कायद्याने किमान शिक्षा निश्चित केलेली असल्यामुळे…” १० वर्षं, १ लाख दंड, दंड न भरल्यास आणखी ६ महिने. १ लाख कुठून भरणार होता तो? म्हणजे साडेदहा वर्षं.

बाहेर पॅसेजमध्ये त्याच्या आईनं मला गाठलं. काळा कोट नाही, हातात फाइल आहे, म्हणजे ही सांगेल असं तिला वाटलं असणार. “ताई, वकिलांनी कमीत कमी मागितली होती ना? मग दहा कशी झाली?”

मी म्हटलं, “बाई, हीच कमीत कमी आहे.” तिला ते कळलं नाही. मला कळलं होतं, तरी मलाही ते गिळता आलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. किमान शिक्षा सरसकट काढून टाका असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक किमान शिक्षेच्या खाली एक परंतुक हवं: पुरेशी आणि विशेष कारणं असतील तर, ती निकालपत्रात लिहून, न्यायाधीशाला किमान मर्यादेच्या खाली जाता यावं. आपल्या कायद्यांत हे नवीन नाही. बलात्काराच्या जुन्या कलम ३७६ मध्ये असं परंतुक होतं.

आणि संसदेनं ठरवलं तर बदल होतो, हेही मी पाहिलंय. नव्वदच्या दशकात एखाद-दोन ग्रॅम गर्द (भेसळीचं हेरॉइन) सापडलेल्यालाही १० वर्षं व्हायची. तेव्हा १९८५ च्या मूळ कायद्यात मधली पायरीच नव्हती. व्यसनापुरतं अगदी किंचित प्रमाण असेल आणि ते स्वतःसाठीच होतं हे आरोपीनं सिद्ध केलं तर सूट, नाहीतर थेट दहा. २००१ च्या दुरुस्तीनं अल्प, मधलं आणि व्यापारी अशा तीन पायऱ्या केल्या, मधल्या पायरीला किमान शिक्षा ठेवली नाही. त्यानंतर गर्दुल्ल्यांच्या केसेसमध्ये साहेब खरोखर विचार करून शिक्षा ठरवायला लागले. तो फरक माझ्या शॉर्टहँडच्या वह्यांत दिसायचा. ‘तथापि’ कमी झाला.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

---

दादरपूर्व, रविवार, संध्याकाळी ५:०२

वाचून सुन्न झालो. ‘हीच कमीत कमी आहे.’

---

आई_मुलुंड, रविवार, संध्याकाळी ६:३५

ताई, त्या बाईबद्दल वाईट वाटलं. पण मीही आई आहे. माझ्या मुलाला हेच एमडी कॉलेजच्या बाहेर एका पोरानं दिलं होतं. त्या पोराचंही वय विशीचंच होतं, त्याचीही आई कुठेतरी कष्ट करत असेल. माझा मुलगा दोन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. १७ किलो वजन गेलं. आज तो बरा आहे असं म्हणते, पण रात्री बाथरूमचं दार जास्त वेळ बंद राहिलं की मी जाऊन उभी राहते.

पाकीट पोचवणारा हात नसता तर ते माझ्या घरात आलं नसतं. दहा वर्षं जास्त आहेत असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

---

लघुलेखिका, रविवार, रात्री ८:१५

@आई_मुलुंड, तुमच्यापुढे काही बोलण्याचा माझा अधिकार नाही. मुलाला आशीर्वाद.

एवढंच सांगते, मी ज्या परंतुकाबद्दल बोलते त्यात न्यायाधीश १० सुद्धा देऊ शकतात, १५ सुद्धा. कॉलेजच्या गेटवर उभं राहून पोरांना चटक लावणारा आणि आत काय आहे हे पुरतं माहीत नसताना पिशवी नेणारा, हे दोघे आज एकाच तागडीत आहेत. तराजूत माल तोलला जातो, माणूस तोलला जात नाही.

---

निवृत्त_अंमलदार, रविवार, रात्री ९:४०

३३ वर्षं पोलीस खात्यात, त्यातली काही अमली पदार्थविरोधी कामात. लघुलेखिकाताईंनी कोर्टातली बाजू सांगितली, मी रस्त्यावरची सांगतो.

पकडलेलं पोरगं तोंड का उघडतं? दहा वर्षांच्या भीतीनं. ती भीती काढली तर वरच्या माणसापर्यंत पोचायचा रस्ताच बंद. न्यायाधीशाला खाली जायची मुभा दिली की पहिल्या दिवसापासून वकील सांगणार, गप्प बस, दोन वर्षांत सुटशील. हा माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आलाय.

पण एक गोष्ट मान्य करतो. ज्यानं खरंच तोंड उघडलं, त्याला आम्ही बदल्यात काय देऊ शकायचो? काहीच नाही. कायद्यात कलम ६४ आहे, सगळं खरं सांगणाऱ्याला सरकार खटल्यातून माफी देऊ शकतं. माझ्या नोकरीत ते वापरलेलं मी एकदाही पाहिलं नाही. ज्या पोरांनी नावं सांगितली, त्यांनाही दहाच झाली. पुढच्या पोरांना हे कळतंच. मग तेही बोलत नाहीत.

---

एडिसनकर, रविवार, रात्री ११:२०

(न्यू जर्सीतून लिहितोय, मूळचा गिरगावचा.)

अंमलदारसाहेब, तुम्ही जे शेवटी लिहिलंत त्यावर इथे एक उपाय काढलाय. १९८६ च्या कायद्यानं इथे ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनच्या खड्यांना) किमान ५ वर्षं लावली. तेवढ्याच ५ वर्षांसाठी कोकेनची पावडर मात्र ५०० ग्रॅम लागायची. एकच द्रव्य, शंभरपट फरक. क्रॅकच्या खटल्यांत बहुतेक काळे लोक सापडत होते, त्यामुळे तुरुंग कुणी भरले ते उघड आहे. २०१० च्या फेअर सेंटेन्सिंग अॅक्टनं ते प्रमाण शंभरावरून अठरावर आणलं. २०१८ च्या फर्स्ट स्टेप अॅक्टनं तो बदल जुन्या कैद्यांनाही लागू केला.

तुमच्या मुद्द्याशी जुळणारी गोष्ट म्हणजे १९९४ चा ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’. आरोपीचा पूर्वेतिहास फारसा नसेल, हिंसा किंवा शस्त्र नसेल, तो टोळीचा म्होरक्या नसेल आणि त्यानं आपल्याला माहीत असलेलं सगळं सरकारला खरं सांगितलं असेल, तर न्यायाधीश किमान शिक्षेच्या खाली जाऊ शकतो. २०१८ मध्ये ही अट आणखी सैल केली. म्हणजे बोलणाऱ्याला काहीतरी मिळतं, आणि ते पोलिसांच्या मर्जीवर सोडलेलं नाही, न्यायाधीश ठरवतो.

---

निवृत्त_अंमलदार, सोमवार, सकाळी ७:०५

असं असेल तर माझा अर्धा विरोध मागे.

---

भीमाची_लेक, सोमवार, सकाळी १०:५०

धागा मनापासून वाचला. त्या मुलाच्या आईसाठी डोळे भरून आले. तरीही मी ‘न्यायाधीशांना मुभा द्या’ या वाक्याशी सहज सहमत होऊ शकत नाही. कारण सांगते.

ॲट्रॉसिटी कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान ६ महिने शिक्षा आहे. फक्त सहा महिने! तेवढीसुद्धा जड वाटणारी कोर्टं आहेत. मध्य प्रदेशातल्या विक्रम दास खटल्यात उच्च न्यायालयानं शिक्षा भोगलेल्या दिवसांवर आणून ठेवली आणि दंड वाढवला. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं, कायद्यात किमान ठरलंय, त्याच्या खाली जाता येणार नाही. ती किमान मर्यादा नसती तर त्या माणसाचं काही बिघडलं असतं का?

‘तरुण वय’, ‘चांगल्या घरातला’, ‘पुढे करिअर आहे’, ‘पहिलाच गुन्हा’. ही विशेष कारणं कुणाच्या बाबतीत सुचतात हे आमच्या वस्तीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. न्यायाधीशाचं मन वितळतं ते स्वतःच्या पोरासारखं पोर समोर दिसलं की. गोवंडीतला पोरगा त्याला स्वतःच्या पोरासारखा दिसेलच याची खात्री काय?

आणि बलात्काराच्या त्या परंतुकाचं काय झालं तेही बोलू. किमान शिक्षा आली कुठून? आपल्याच महाराष्ट्रातून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मुंबईत बाया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली: किमान ७ वर्षं, पोलीस कोठडीतल्या अत्याचाराला किमान १०. सोबत ते परंतुक. आणि १९८९ मध्ये हरियाणाच्या प्रेमचंद खटल्यात, दोन पोलिसांचा गुन्हा सिद्ध असताना, मुलीच्या ‘वर्तना’कडे बोट दाखवून १० ची ५ वर्षं केली गेली. हे होतं विशेष कारण! २०१३ मध्ये ते परंतुक काढून टाकलं, ते उगीच नाही काढलं.

---

समुपदेशक_एम_पूर्व, सोमवार, दुपारी १:३०

@भीमाची_लेक, अक्षर न् अक्षर पटलं. पण मी २०१३ च्या पुढची गोष्ट रोज बघते.

वस्तीत मुलींसोबत काम करते. मुलगी १७ ची, मुलगा १९ चा, पळून गेले, देवळात माळा घातल्या. घरच्यांनी तक्रार केली किंवा बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर वयाचा दाखला पुढे आला आणि डॉक्टरांना कळवावंच लागलं. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, १८ च्या आतली संमती ही संमतीच नाही. त्यात गर्भ राहिला असेल तर गुन्हा ‘गंभीर’ प्रकारात जातो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा २० वर्षं आहे. वीस! मुलगी कडेवर पोर घेऊन साक्ष द्यायला येते आणि सांगते, हा माझा नवरा आहे, याला सोडा. कायदा तिच्यासाठीच केलाय आणि तिचंच ऐकायची सोय त्यात नाही.

मग काय होतं? ती साक्ष फिरवते. वय जास्त सांगते. खोटं बोलायला आपणच तिला भाग पाडतो.

मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा कायम ठेवला, पण मुलीचं म्हणणं तज्ज्ञांच्या समितीकडून समजून घेतल्यावर राज्यघटनेतला अनुच्छेद १४२ (पूर्ण न्याय करण्याचा खास अधिकार) वापरून त्या माणसाला शिक्षा भोगायला पाठवलं नाही. सर्वोच्च न्यायालयाकडे १४२ आहे, खालच्या कोर्टाकडे काय आहे? विधी आयोगानं २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय १८ च ठेवा म्हटलं, पण १६ ते १८ वयाच्या मुलांच्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत मार्गदर्शित मुभा द्या असंही सुचवलं. माझं मत तिकडे झुकतं.

---

भीमाची_लेक, सोमवार, दुपारी २:१५

या प्रकरणांत मुभा हवी, मान्य. आमच्या वस्तीतही अशी दोन घरं आहेत. मुलगी वेगळ्या जातीची असली की तिच्या घरचे पॉक्सोच वापरतात, हेही बघितलंय.

पण मग ‘विशेष कारण’ काय असू शकत नाही, ते कायद्यातच लिहा. पीडितेचं चारित्र्य, आरोपीची प्रतिष्ठा, लग्नाची तडजोड, जात. ही कारणं चालणार नाहीत अशी यादी हवी.

---

काळाकोट, सोमवार, रात्री १०:०५

दिवसभर कोर्टात होतो, उशिरा लिहितोय. फौजदारी वकिली करतो, बहुतेक केसेस विधी सेवेतून मिळालेल्या.

भीमाची_लेक यांच्या मुद्द्याला जोडून एक त्रुटी सांगतो, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शिक्षा कमी झाली असं वाटलं तर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येत नाही. निर्दोष सोडलं, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवलं किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली तरच तिला अपील आहे. शिक्षा वाढवून मागायचा अधिकार फक्त सरकारला. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये परविंदर कंसल खटल्यात हे स्पष्ट केलंय. परंतुक परत आणायचं तर पहिल्यांदा हे अपील पीडितेला द्या. कारणं लिहिलेली असतील तर ती वरच्या कोर्टात तपासता येतील. प्रेमचंदसारखं कारण आज लिहिलं गेलं तर ते टिकणार नाही, पण त्याविरुद्ध दाद मागणारा हवा ना.

दुसरं म्हणजे, मुभा काढून घेतल्यानं मुभा नाहीशी होत नाही. ती न्यायाधीशाच्या हातातून निघून पोलीस ठाण्यात जाते. लोकलच्या ब्रिजवर मोबाइल हिसकावला, हाणामारी झाली. नुसती जबरी चोरी लावली तर १० वर्षांपर्यंत शिक्षा, पण किमान काहीच नाही. पंचनाम्यात चाकू आला की जुनं कलम ३९७, आता न्याय संहितेत ३११, म्हणजे किमान ७ वर्षं. चाकू मारायलाच हवा असं नाही. समोरच्याला दिसेल असा धरला तरी तो ‘वापरला’, हे १९७५ पासून ठरलेलं आहे. तेव्हा त्या पोराचं आयुष्य कुठल्या कलमाला लागतं हे रात्री दोन वाजता पंचनामा लिहिणारा ठरवतो. न्यायाधीश निदान उघड्या कोर्टात, कारण देऊन, अपिलाच्या धाकाखाली ठरवतो.

गर्दमध्ये तर वजनाचीच गंमत आहे. गंमत हा शब्द चुकीचा, माफ करा, भयंकर गोष्ट आहे. २००८ च्या निकालानं फक्त शुद्ध अंमली द्रव्याचं वजन धरायचं होतं. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी ते बदललं. आता भेसळीसकट सगळं वजन धरतात. हेरॉइनचं व्यापारी प्रमाण २५० ग्रॅमच्या वर. रस्त्यावरच्या गर्दमध्ये भेसळच जास्त. वरचा माणूस शुद्ध २०० ग्रॅम ठेवतो, तो मधल्या पायरीवर. त्याच मालात भेसळ करून खाली वाटला की ३०० ग्रॅमची पिशवी उचलणारा हमाल दहा वर्षांत.

एक उजेडाची फट आहे. १९५८ चा प्रोबेशन कायदा. २०२१ मध्ये लखवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ३९७ खालच्या आरोपींनाही, किमान ७ वर्षं असताना, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. दंड संहितेतली किमान शिक्षा प्रोबेशनच्या आड येत नाही असं म्हटलं. मी तो निकाल दोनदा वापरलाय, एकदा चालला. एनडीपीएसमध्ये मात्र कलम ३३ नं १८ वर्षांवरच्यांना हा रस्ता जवळजवळ बंद केलाय. ॲट्रॉसिटीतही बंद आहे, आणि तिथे तो बंदच असावा असं माझं मत.

---

दादरपूर्व, सोमवार, रात्री १०:४०

संजय दत्तच्या वेळी २०१३ मध्ये टीव्हीवर महिनाभर चर्चा होती. शस्त्र कायद्याखालच्या ६ वर्षांची सर्वोच्च न्यायालयानं ५ केली, कारण ५ हे किमान होतं. तेव्हा किमान शिक्षा हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. ६२ ग्रॅमवाल्या पोरासाठी कुणी चर्चा केली नाही.

---

लघुलेखिका, मंगळवार, सकाळी ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. भीमाची_लेक, तुमच्यामुळे माझं मत बदललं, ते कबूल करते. मी न्यायाधीशांच्या शेजारी बसून आयुष्य काढलं, त्यामुळे मला त्यांच्या थांबलेल्या आवाजातली तगमग दिसली. ज्यांच्या बाबतीत तो आवाज कधी थांबलाच नाही, ते निकालही मीच टाइप केले होते. ते मला आठवले नाहीत, तुम्ही आठवण करून दिलीत.

तरी मूळ गोष्ट सोडवत नाही. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर सक्तीची फाशी देणारं कलम ३०३ रद्द केलं, कारण त्यात न्यायाधीशाला माणसाकडे बघायची जागाच नव्हती. एनडीपीएसमधली दुसऱ्या गुन्ह्याची सक्तीची फाशी आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये ऐच्छिक केली, २०१४ मध्ये संसदेनं कायदाही तसा बदलला. फाशीला जो न्याय लावला तो दहा-वीस वर्षांच्या कैदेला का लावू नये? २० ते ३० ही वर्षं कुणी परत देतं का?

आणि कलम ३२(अ) मुळे त्या मुलाला तुरुंगातली माफीही मिळत नाही. दुसरा कैदी चांगलं वागून, काम करून दिवस कमी करतो. याचे दहा म्हणजे दहा. कच्च्या कैदेतली तीन वर्षं तेवढी वजा झाली.

---

चाळकरी_लालबाग, मंगळवार, दुपारी ३:५०

हा धागा वाचून धीर करून विचारतो. माझ्या भाच्याला मागच्या महिन्यात पकडलं. पोलीस म्हणतात ३८ ग्रॅम एमडी. एक वकील म्हणाले दहा वर्षं नक्की, दोन लाख आणा. बहीण दागिने काढून बसली आहे. काय करू?

---

काळाकोट, मंगळवार, संध्याकाळी ६:१५

दागिने आत ठेवायला सांगा. ३८ ग्रॅम म्हणजे मधलं प्रमाण. १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान मर्यादा नाही. कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटीही त्या प्रमाणाला लागू होत नाहीत. बाकी केसच्या कागदांवर अवलंबून आहे, ते पाहिल्याशिवाय जास्त बोलणं बरोबर नाही. एफआयआर, पंचनामा आणि रिमांडची प्रत मिळवा. पंचनाम्यातलं वजन आणि कलिन्याच्या प्रयोगशाळेच्या सीए रिपोर्टमधलं (रासायनिक तपासणीच्या अहवालातलं) वजन, दोन्ही लिहून ठेवा.

तो कोठडीत आहे म्हणजे उत्पन्न कितीही असलं तरी त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० वर फोन करा किंवा खटला ज्या कोर्टात आहे तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत जा. तुरुंगातूनही अर्ज करता येतो.

---

लघुलेखिका, मंगळवार, संध्याकाळी ६:४०

@चाळकरी_लालबाग, एकट्यानं जाऊ नका. मी परळलाच राहते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवलाय, उद्या सकाळी दहाला बहिणीला घेऊन या. अर्ज मी लिहून देते.